जंतूंच्या कपाटाची किल्ली कोणाकडे?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर' आणि मागून ऐकू येणारे ट्रकचे हॉर्न काढून टाकलेत. शेलूबाजारला हायवेच्या अंगाला बसून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की हॉर्न आलेच.

आजचा विषय इथल्याच एका चहाच्या टपरीवर निघाला. गप्पा फिरत फिरत कोरोनावर गेल्या आणि एका काकांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर आहेस ना बाबू, मग सांग. लढाईसाठी रोगाचे जंतू तयार करायचं काम सरकारं करतात म्हणते लोकं. मग त्या सरकारवर ध्यान कोण ठेवते?"

प्रश्न एकदम बरोबर जागी लागला, कारण माझ्या धंद्यात रोज हाच प्रश्न असतो. डेटाबेसला हात लावायची परवानगी कोणाला? कोणी कधी काय केलं याची नोंद राहते का? आणि ती नोंद तपासणारा माणूस काम करणाऱ्यापेक्षा वेगळा आहे का? किल्ली, नोंदवही आणि तपासणारा. जंतूंच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी कोणाकडे असतात, हे बघायला मी जुनी कागदपत्रं चाळायला लागलो. वाटलं होतं की अमेरिका-रशियाच्या गोष्टी वाचायला लागतील. त्या लागल्याच, पण गोष्टीचा मोठा भाग परळ, पुणे आणि मुंबईच्या फोर्ट भागात घडलेला निघाला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारत सरकारची भूमिका पहिल्यापासून अशी आहे की आपण जैविक अस्त्रं बनवत नाही. जैविक अस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार 1972 मध्ये सह्यांसाठी खुला झाला. आपण 1973 मध्ये सही केली आणि 1974 मध्ये मंजुरी दिली. तेव्हा 'भारताचा गुप्त कारखाना' वगैरे शोधत असाल तर तो या भागात नाही. या भागात आहे तो एक काळ, जेव्हा दुसऱ्या देशाच्या लष्कराचा पैसा आपल्या संशोधनात येत होता आणि हे कोणीतरी विचारायला हवं हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

सुरुवात मात्र एका खुनापासून करू या. किल्ली म्हणजे काय, ते त्यावरून नीट कळतं.

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्हाला माहीत असेल, निदान पोलिओच्या लशीमुळे तरी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने इथेच प्लेगची लस तयार केली. 10 जानेवारी 1897 ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. लस करायची तर प्लेगचे जिवंत जंतू सांभाळावे लागतात. ते तिथे होते.

26 नोव्हेंबर 1933. हावडा स्टेशनवर पाकूरच्या जमीनदार घराण्यातला अमरेंद्र नावाचा तरुण गाडीकडे निघालेला. गर्दीत एक माणूस त्याला घासून गेला आणि दंडात काहीतरी टोचल्यासारखं झालं. 4 डिसेंबरला अमरेंद्र वारला. रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जंतू निघाले, आणि कोलकात्यात तर तेव्हा प्लेग नव्हताच. मग तपास सुरू झाला आणि तो थेट मुंबईत आला.

अमरेंद्रचा सावत्र भाऊ बिनयेंद्र याला इस्टेट हवी होती. त्याने तारानाथ भट्टाचार्य नावाच्या डॉक्टरला हाताशी धरलं. या तारानाथाने 1932 मध्ये हाफकिनकडे प्लेगचे जंतू मागितले होते. कारण काय दिलं? तर 'माझ्याकडे प्लेगवर औषध आहे, प्रयोग करायचाय.' हाफकिनने सांगितलं, बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. इथपर्यंत यंत्रणा चोख चालली. मग तारानाथ मुंबईत आला, आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात प्रयोग करायची सोय लावून घेतली आणि त्या रुग्णालयाच्या मार्फत हाफकिनमधले जंतू त्याच्यापर्यंत पोहोचले. उंदरांवर त्याने प्रयोग केला, उंदीर मेले, आणि औषधाच्या चाचणीचं नाव सांगणारा हा गृहस्थ काही दिवसांत मुंबई सोडून गेला. खटल्यात दोघांना फाशी झाली, ती 1936 मध्ये उच्च न्यायालयाने बदलून जन्मठेप काळ्या पाण्याची केली.

आता बघा, ज्याने परवानगी मागितली त्याला संस्थेने नाही म्हटलं. पण ज्या रुग्णालयावर संस्थेचा विश्वास होता त्याच्या दाराने तोच माणूस आत आला. आमच्याकडे सिस्टिम अशाच फुटतात. मुख्य दाराला कुलूप भक्कम असतं, आणि विश्वासातल्या दुसऱ्या सिस्टिमकडून आलेली मागणी कोणी तपासत नाही. हा खून खासगी होता, त्यात कुठलं सरकार नव्हतं. पण सरकारी प्रयोगशाळेतले जंतू बाहेर जाऊ शकतात, तेही कायदेशीर वाटणाऱ्या कागदावर, हे या देशाला 1930 च्या दशकातच कळलं होतं.

आता वीस-पंचवीस वर्षं पुढे जाऊ.

1952 मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांचा तो एकत्र उपक्रम. 1978 पासून आपण त्याला एनआयव्ही म्हणतो. कोरोनात टीव्हीवर रोज ज्याचं नाव यायचं, तीच ही संस्था. आपल्या विदर्भाशीही तिचा जुना संबंध आहे. 1965 मध्ये नागपूरच्या रुग्णांच्या रक्तात याच संस्थेला एक नवा विषाणू सापडला, त्याला आज जग चांदीपुरा म्हणतं.

1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली. आजूबाजूच्या गावांतली माणसंही तापाने आणि रक्तस्रावाने आजारी पडली. माकडं मरतात, माणसांना ताप येतो, हे ऐकून तज्ज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण ही लक्षणं पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. हा रोग आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहे. आपल्याकडे तो पसरवणारा डास घरोघरी आहे, पण रोग मात्र कधी आलेला नाही. तो आला असता तर काय झालं असतं याचा विचारच नको. पुण्याची माणसं तिथे गेली, नमुने घेतले आणि वेगळाच विषाणू निघाला. गोचिडीतून पसरणारा. आणि त्याचे जवळचे नातेवाईक होते सोव्हिएत रशियात, सायबेरियाच्या बाजूला.

मग प्रश्न आला, रशियातला विषाणू शिमोग्यात कसा? एक शक्यता अशी मांडली गेली की स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तो आणला असेल. दर हिवाळ्यात आपल्या अडाण धरणावर बदकं उतरतात ना, ती उत्तरेकडूनच येतात. शास्त्रीय शक्यता म्हणून ती वेडगळ नव्हती. तपासायची तर एकच रीत. पक्षी पकडा, पायात नंबराची कडी घाला, अंगावरच्या गोचिडी गोळा करा, रक्ताचा नमुना घ्या आणि सोडून द्या. हे काम देशात करू शकणारी संस्था एकच होती, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस. 1883 ची संस्था. आणि माणूस एकच, डॉ. सलीम अली.

साधारण 1960 च्या सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर काम सुरू झालं. भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. पुढे त्या संघटनेचा निधी आटला. पक्ष्यांचं काम असं दोन वर्षांत संपत नाही, सलीम अलींना ते चालू ठेवायचं होतं. तेव्हा मदत आली ती 'मॅप्स' नावाच्या प्रकल्पाकडून. बँकॉकहून चालणारा हा प्रकल्प पूर्व आणि दक्षिण आशियातल्या स्थलांतरित पक्ष्यांचा आणि त्यांच्या रोगांचा अभ्यास करत होता. एलियट मॅक्लुअर हे त्याचे प्रमुख. 1963 पासून सात-आठ वर्षांत त्यांनी आशियाभर दहा लाखांहून जास्त पक्ष्यांना कडी घातली. आणि पैसा होता अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचा.

लष्कराला पक्ष्यांत काय रस? सरळ उत्तर असं की त्यांचे सैनिक व्हिएतनाममध्ये होते आणि तिथे कुठला रोग कुठून येतो हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. हे उत्तर खरं आहे. पण पूर्ण आहे का, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. कारण त्याच वर्षांत वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था प्रशांत महासागरातल्या बेटांवर पक्ष्यांना कडी घालत होती, आणि तो पैसा फोर्ट डेट्रिकमधल्या जैविक अस्त्रांच्या प्रयोगशाळांकडून येत होता, हे 1969 मध्ये बाहेर आलं. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हल्ल्यासाठीची जैविक अस्त्रं बंद करत असल्याची घोषणा केली. म्हणजे तोपर्यंत कार्यक्रम होता, हे अमेरिकेनेच कबूल केलं. तिथेही देखरेख कोणाची होती? लष्कराच्या कामावर लष्कराची. बाकी काँग्रेस, वर्तमानपत्रं आणि विद्यापीठं यांना जेवढं कळेल तेवढं.

डासांचं प्रकरण याहून भडक. 1970 च्या सुमारास दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं एक केंद्र सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचं संयुक्त, पैसा अमेरिकेच्या आरोग्य विभागाचा. तोही डॉलरमध्ये नाही, रुपयांत. साठच्या दशकात रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो ज्वारी यायची, आजी-आजोबांना विचारा. पीएल 480 नावाच्या कायद्याखाली ते धान्य आपण रुपयांत विकत घेत होतो आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठत होते. इथेच खर्च करायचे, म्हणून त्यातले काही संशोधनाला मिळाले.

कल्पना छान होती. प्रयोगशाळेत नर डास निर्बीज करायचे आणि लाखोंनी सोडायचे. मादीची अंडी फुटत नाहीत, डास कमी होतात, औषध फवारणी वाचते. केंद्राने हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स, मलेरियाचा ॲनोफेलिस आणि एडिस इजिप्ती अशा तिघांवर काम केलं. एडिससाठी हरियाणातलं सोनीपत ठरलं. मोठ्या प्रमाणावर डास सोडायची तयारी झाली.

1974 च्या जुलैमध्ये पीटीआय वृत्तसंस्थेने बातमी दिली आणि देशभर गाजावाजा झाला. आरोप असा की हे आरोग्याचं संशोधन नसून जैविक युद्धाची पूर्वतयारी आहे. एडिस इजिप्ती म्हणजे पीतज्वराचा डास. तो किती उडतो, किती जगतो, शहरात किती वेगाने पसरतो ही सगळी माहिती भारतीय शहरांत गोळा होतेय, आणि भारतात पीतज्वर नाही. मग कोणाला हवी आहे? हाही प्रश्न हवेतून आला नव्हता. 1955 मध्ये अमेरिकी लष्कराने जॉर्जिया राज्यात तीन लाखांच्या आसपास एडिस डास विमानातून टाकून ते कसे पसरतात हे मोजलं होतं. रोग नसलेले डास, पण मोजमाप नेमकं तेच.

संसदेत गोंधळ झाला आणि प्रकरण लोकलेखा समितीकडे गेलं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत रस आहे तो इथे. लोकलेखा समिती म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारे खासदार. त्यांचं काम पैसा कुठून आला, कुठे गेला आणि त्याबदल्यात देशाला काय मिळालं, एवढंच. अध्यक्ष होते ज्योतिर्मय बसू, मार्क्सवादी पक्षाचे, सरकारला सळो की पळो करून सोडण्यासाठी प्रसिद्ध. त्यांच्याकडे ना सूक्ष्मदर्शक, ना गुप्तहेर. त्यांनी प्रत्येक प्रकल्पाची फाइल मागवली आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारायला सुरुवात केली.

1975 च्या एप्रिलच्या शेवटी समितीचा 167 वा अहवाल संसदेत आला. विषय, भारतातल्या संशोधनात परदेशी सहभाग. त्यात डास होते, बीएनएचएसचे पक्षी होते, जोधपूरमधले कीटकनाशक फवारणीचे प्रयोग होते, आणखीही काही प्रकल्प होते. समितीचं म्हणणं थोडक्यात असं की डासांच्या प्रकल्पाचा उपयोग भारताच्या आरोग्यापेक्षा जैविक युद्धाचं तंत्र विकसित करणाऱ्यांना जास्त. वेगवेगळे पाहिले तर सगळे प्रकल्प निरुपद्रवी दिसतात, पण एकत्र ठेवले की चित्र बदलतं. पक्षी कुठून कुठे जातात, डास किती पसरतात, द्रवाचे अगदी बारीक थेंब हवेत कसे फिरतात. आणि हे सगळं एकत्र ठेवून बघणारा सरकारात एकही माणूस नव्हता. आरोग्य खात्याने आरोग्य बघितलं, आयसीएमआरने शास्त्र बघितलं, बीएनएचएसने पक्षी बघितले. संरक्षण खात्याला विचारावं असं कोणाला वाटलंच नाही.

इथे मी माझं मत सांगतो, पटलं नाही तर कळवा. शस्त्राचा आरोप समितीने सिद्ध केला नाही, आणि तो सिद्ध होण्यासारखाही नव्हता. निर्बीज डासांचं तंत्र सगळं जगजाहीर प्रसिद्ध होत होतं. गुप्त कार्यक्रम असा निबंध छापून चालत नाही. सलीम अलींवर जे शिंतोडे उडाले ते तर मला आजही खटकतात. ज्या माणसाने आयुष्य पक्ष्यांमागे उन्हातान्हात घालवलं, त्याला हेरांच्या रांगेत बसवणं सोपं होतं, म्हणून ते झालं. त्यांनी आरोप फेटाळले आणि काम चालू ठेवलं. पण समितीचा दुसरा मुद्दा, की विचारणारा कोणीच नव्हता, तो शंभर टक्के खरा होता. आणि तो हिशेब तपासणाऱ्यांनी काढला, शास्त्रज्ञांनी नाही, सैन्यानेही नाही. 'नेचर' या नियतकालिकाने 1975 मध्ये या प्रकरणावर लिहिताना दिल्लीलाही धारेवर धरलं आणि जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेलाही. लोकांना वेळीच नीट सांगितलं असतं तर एवढा संशय वाढलाच नसता, असा तो सूर होता. मला तो बराच पटतो.

पुढे काय झालं? सोनीपतचे डास सुटले नाहीत. 1975 मध्ये दिल्लीचं केंद्र बंद झालं. आणि अहवालानंतर दोन महिन्यांच्या आत आणीबाणी लागली. बसूंना अटक झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. देखरेखीची काय यंत्रणा हवी, यावर जी चर्चा व्हायला हवी होती, ती रंगात येण्याआधीच सगळं गप्प झालं.

आता यातली बोच बघा. समितीचा एक प्रश्न असा होता की आपल्याकडे मलेरियाने माणसं मरताना एडिसवर एवढी मेहनत कशाला? त्या काळात प्रश्न रास्त वाटला असेल. पण 1973 मध्ये, म्हणजे बातमीच्या आदल्याच वर्षी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ येऊन गेली होती. पसरवणारा डास कोण? एडिस इजिप्ती. नंतर तो रोग आपल्याकडे तीसेक वर्षं जवळजवळ दिसेनासा झाला आणि 2006 मध्ये महाराष्ट्रभर उसळला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गल्लीतली धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती, हे मला लख्ख आठवतं. डेंग्यूचं तर सांगायलाच नको, तोही याच डासाचा. ते केंद्र चालू राहिलं असतं तर 2006 टळलं असतं असं मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा नाही. पण संशयाला वेळेवर उत्तर देणारी यंत्रणा नसली की चांगलं कामही त्याच झाडूने झाडून जातं, हे मात्र दिसतं.

आणि शिमोग्याचा विषाणू? सायबेरियातून पक्ष्यांनी आणल्याचा पुरावा मिळाला नाही. तो इथल्याच जंगलातला निघाला. 2016 मध्ये तो सिंधुदुर्गात दिसला, दोडामार्ग आणि बांद्याच्या बाजूला. काजूच्या बागेत जाणाऱ्या लोकांना ताप यायला लागला, तिकडे त्याला माकडताप म्हणतात. निदान झालं ते साठ वर्षांपूर्वी पुण्याने सुरू केलेल्या कामाच्या जोरावर. तोच विषाणू घातक जंतूंच्या आंतरराष्ट्रीय याद्यांतही बसलेला आहे. काजू उत्पादकाच्या अंगात सापडतो तेव्हा आरोग्याचा प्रश्न, कुपीत घालून परदेशी पाठवला की शस्त्रनियंत्रणाचा. विषाणू तोच. म्हणूनच हे क्षेत्र एवढं किचकट आहे. अणुबॉम्बसाठी युरेनियमचे कारखाने लागतात, ते उपग्रहातून दिसतात. इथे लस बनवणारी आणि शस्त्र बनवणारी खोली बाहेरून सारखीच दिसते.

मग आज ध्यान कोण ठेवतं? काकांचा मूळ प्रश्न. जरा रुक्ष भाग आहे, पण ऐका. धोकादायक सूक्ष्मजीव हाताळण्याचे नियम 1989 मध्ये पर्यावरण कायद्याखाली आले. त्याप्रमाणे प्रत्येक संस्थेत एक जैवसुरक्षा समिती असते, तिच्या वर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि त्याच्या वर पर्यावरण मंत्रालयाची. परदेशी पैसा किंवा भागीदारी असलेलं आरोग्य संशोधन आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातं. जंतू देशाबाहेर न्यायचे तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. 2005 मध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, त्यात जैविक शस्त्रं आली. संरक्षणासाठीचं संशोधन, म्हणजे हल्ला झाला तर ओळखायचं कसं, वाचायचं कसं, हे मुख्यतः ग्वाल्हेरच्या डीआरडीईमध्ये होतं. ती संरक्षण खात्याच्या डीआरडीओची प्रयोगशाळा. तिच्यावर देखरेख संरक्षण खात्याची, आणि खर्चावर नजर पुन्हा हिशेब तपासणाऱ्यांची. सर्वांत घातक विषाणूंसाठीची चौथ्या स्तराची प्रयोगशाळा पुण्यात एनआयव्हीने पाषाणला उभारली, 2012 च्या अखेरीस. ती आरोग्याच्या बाजूला येते, लष्कराच्या नाही.

म्हणजे किल्ल्या अनेक आहेत, नोंदवह्याही अनेक. पण सगळ्या नोंदवह्या एकत्र उघडून बघणारं एक टेबल अजूनही नाही.

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. 2019 मध्ये नागालँडमधल्या वटवाघळं पकडणाऱ्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या आणि वटवाघळांच्या रक्तात काही विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध घेतला होता. शास्त्र म्हणून मोलाचं काम. निधी देणाऱ्यांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याची एक संस्था होती आणि लेखकांत वुहानच्या विषाणू संस्थेतले लोक. निबंध छापून झाल्यावर आयसीएमआरला प्रश्न पडला की याला परवानगी कोणी दिली, आणि चौकशी सुरू झाली. 2020 च्या सुरुवातीला ती बातमी आली तेव्हा मी 167 व्या अहवालाचं नावही ऐकलेलं नव्हतं. आता दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर पंचेचाळीस वर्षांनी तोच संवाद चालू असल्यासारखं वाटतं. फक्त पक्ष्यांच्या जागी वटवाघळं.

बाहेरच्या जगाचं काय? जैविक अस्त्रबंदी करारात तपासनीस नाहीत. रासायनिक अस्त्रांच्या करारात आहेत, कुठल्याही देशात जाऊन कुलपं उघडायला लावू शकतात. त्याचा अनुभव आपल्यालाच आहे. 1992 मध्ये भारत आणि पाकिस्तानने एकत्र जाहीर केलं होतं की आमच्याकडे रासायनिक अस्त्रं नाहीत. 1997 मध्ये तपासणीवाला करार लागू झाला आणि भारताने आपल्याकडे साठा असल्याचं जाहीर केलं. 2009 पर्यंत तो नष्ट केला, तपासनीसांच्या देखत. जैविक करारात तसं काहीच नाही. जिनिव्हात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कर्मचारी असलेलं एक छोटं कार्यालय आहे आणि देश दरवर्षी आपणहून माहिती भरून पाठवतात. न पाठवली तर कोणी विचारायला येत नाही. सोव्हिएत संघाने या करारावर सही केली आणि पुढची वीस वर्षं जगातला सर्वांत मोठा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम चालवला. 1979 मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्स सुटून साठाहून जास्त माणसं मेली. सरकारने सांगितलं, खराब मटण खाल्लं. खरं कारण येल्त्सिन यांनी 1992 मध्ये मान्य केलं.

टपरीवर परत गेलो तेव्हा काकांना हे सगळं दहा मिनिटांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या बसूसारखा आता कोणी आहे का?" लोकलेखा समिती आजही आहे, अध्यक्षपद आजही रीतीप्रमाणे विरोधी पक्षाकडे असतं, असं मी सांगितलं. परदेशी निधीच्या संशोधनावर तिचा 167 वा अहवाल सरकारी इंग्रजीत आहे आणि वाचायला कंटाळवाणा आहे, पण त्यातली अधिकाऱ्यांची उलटतपासणी एखाद्या कोर्टाच्या नाटकासारखी रंगते. ज्यांना वेळ आहे त्यांनी तेवढी पानं तरी वाचा.

पुढचा भाग हाफकिनवर. ज्या माणसाने लस स्वतःला टोचून घेतली, त्याच्यावरच काही वर्षांनी पंजाबातल्या एका गावात 19 माणसं मारल्याचा ठपका आला, ती गोष्ट. रविवारी टाकतो, लाइट राहिली तर.